बाळ रांगायला लागण्याआधी घरातल्या पाण्याची तयारी

मुंबईत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून घरोघरी ते भरून ठेवलेलं असतं. मोरीत पिंप, शेजारी दोन बादल्या, टबात भिजवलेले कपडे. बाळ रांगायच्या आत पहिलं लक्ष इथे द्या. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीच्या काठाला धरून ते आत वाकलं की तोल जातो आणि स्वतःला वर उचलायची ताकद हातांत नसते. नाकतोंड बुडेल इतकं, चार बोटं पाणीही पुरतं.

माझी भाची तेव्हा अकरा महिन्यांची होती. बादलीत तरंगणारा तांब्या धरायला वाकली. वहिनी हाताच्या अंतरावर, पाठमोरी, नळाला कळशी लावत होती. ना रडणं, ना पाण्याचा आवाज. वहिनी सहज वळली आणि फ्रॉकचा बंद हाताला लागला, म्हणून पोर वाचली. तेव्हापासून ‘पडलं तर आवाज येईलच’ हा भरवसा मी कुणालाच धरू देत नाही.

तर, पिंपाला फिरवून घट्ट बसणारं झाकण आणा. वर ठेवलेला पाट मूल सहज सरकवतं. वापरून झालेली बादली रिकामी करून पालथी घाला. मोरीच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी लावून घ्या. पाणी भरायच्या वेळी बाळ कुणाकडे, हे नाव घेऊन ठरवा. घरात चार माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

पावसाळ्यात जुहू, आक्साच्या समुद्रात मुलांना उतरवूच नका. एरवीही भरतीची वेळ बघून निघा आणि पाण्याशी मुलाचा हात सोडू नका. हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर विसंबू नका. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही, तिथून मुलाला नेऊच नका. पाणी ओसरेपर्यंत थांबा. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

एवढं करूनही प्रसंग आलाच, तर बुडालेल्या मुलाला उलटं धरू नका, पोट दाबून पाणी काढू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. हे प्रशिक्षण घेऊन हाताने करून शिकावं लागतं. शिकायला जाताना आजीलाही सोबत न्या, दिवसभर बाळ तिच्यापाशीच असतं.