विल्टशर दोन दिवसांत: स्टोनहेंज, सॉल्सबरी आणि एव्हबरी नीट कसं बघावं

विल्टशर म्हणजे दक्षिण इंग्लंडमधली काउंटी, आणि स्टोनहेंज हे तिथलं प्राचीन दगडी वर्तुळ. लंडनहून सुटणाऱ्या कोच सहली स्टोनहेंज, बाथ आणि विंझर एकाच दिवसात उरकतात. त्यात स्टोनहेंजच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात आणि त्यातला बराच वेळ शटलची वाट बघण्यात जातो. भारतातून आई-बाबा आले असतील तर ही दमणूक मुळीच करू नका. सॉल्सबरीत एक रात्र मुक्काम ठेवा. लंडन वॉटर्लूहून थेट गाडी आहे, साधारण दीड तासाची. आधी बुक करायच्या गोष्टी दोनच: स्टोनहेंजची वेळ आणि सॉल्सबरीच्या कॅथीड्रलच्या (मोठ्या मुख्य चर्चच्या) मनोऱ्याची टूर. बाकी ऐनवेळी ठरवलं तरी चालतं.

स्टोनहेंजसाठी सकाळची पहिली वेळ घ्या. ऑनलाइन आगाऊ काढलेलं तिकीट दारावरच्यापेक्षा स्वस्त पडतं. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या दोन तास आधी असतो, हे लक्षात न घेतल्याने दुपारी उशिरा पोचलेल्यांना परतावं लागतं. सॉल्सबरी स्टेशनबाहेरून स्टोनहेंज टूरची बस निघते. तिचं तिकीट नुसत्या प्रवासाचंही मिळतं आणि प्रवेशासकटही. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच: आधी वेबसाइटवर प्रवेश काढायचा आणि मग बसचंही प्रवेशासकट तिकीट घ्यायचं. दोन्हींपैकी एकच करा.

बस जिथे सोडते ते व्हिजिटर सेंटर दगडांपासून सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या, दगडांपाशी सोय नाही. पुढे शटल आहे, पण चालवत असेल तर जाताना पायी जा, किंवा शटलमधून अर्ध्या वाटेवर फार्गो प्लांटेशनला उतरा. तिथून माळ ओलांडताना आजूबाजूचे दफनाचे उंचवटे दिसतात आणि हे ठिकाण म्हणजे नुसतं दगडांचं वर्तुळ नाही, हे चालता चालता कळतं. येताना शटल घ्या. उघड्या माळावर वारा सोसाट्याचा असतो. छत्री उलटीच होते, त्यामुळे टोपीचं जाकीट हवं, जुलैतसुद्धा.

वर्तुळाच्या आत नेहमीच्या तिकिटावर जाता येत नाही, बाहेरच्या वाटेने फिरायचं. फोटोच्या गडबडीत एक गोष्ट हमखास सुटते. सगळ्यात उंच उभ्या दगडाच्या माथ्याकडे बघा: वर एक गोल उंचवटा आहे. आडव्या दगडाला खालून खळगा कोरून तो या उंचवट्यावर बसवलेला होता. म्हणजे लाकडातला कूस-सालीचा सांधा, पण दगडात, इ.स.पू. 2500च्या सुमाराचा. मोठे सार्सन (कठीण वालुकाश्माचे) दगड सुमारे 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधून आले, लहान निळसर दगड मात्र 200 किलोमीटरहून लांब, वेल्समधल्या प्रेसेली डोंगरांतून. आतच जायचं असेल तर सकाळी उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर लहान गटांसाठी वेगळं, महाग तिकीट असतं. ते लवकर संपतं.

परतीच्या बसने ओल्ड सॅरमला उतरा. कॅथीड्रलच्या आधी हे बघणं महत्त्वाचं, कारण गोष्ट इथून सुरू होते. या टेकडीवर नॉर्मन किल्ला आणि पहिलं कॅथीड्रल होतं. 1092 मध्ये त्याचं अभिषेकाचं कार्य झालं आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची हानी केली. वारा, पाण्याची टंचाई आणि सैनिकांशी भांडणं यांना कंटाळून धर्मगुरू खाली नदीकाठी गेले. जुन्या कॅथीड्रलचा आराखडा गवतात आखलेला आहे, तो फुकट बघता येतो. तिकीट फक्त आतल्या किल्ल्याला. वस्ती उठून गेली तरी हा मतदारसंघ 1832 पर्यंत संसदेत दोन खासदार पाठवत होता! मद्रासचा गव्हर्नर झालेल्या टॉमस पिटच्या घराण्याच्या हाती तो होता, आणि त्याचा नातू, पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, 1735 मध्ये इथूनच संसदेत गेला.

सॉल्सबरी कॅथीड्रलला निवांत दोन तास द्या. पाया 1220चा. 123 मीटरचा कळस मात्र नंतर चढवला. खालच्या खांबांवर सुमारे 6,500 टनांचा जादा भार आला आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. मध्यभागी, मनोऱ्याच्या खाली उभे राहा, कोपऱ्यातल्या एका खांबाला जवळजवळ चिकटून सरळ वर बघा. पर्बेक दगडाचा तो खांब बाकलेला उघड दिसतो. लांबून हे कळत नाही. 1668 मध्ये वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने तपासणी केली तेव्हा कळसाचा कल 75 सेंटिमीटरच्या आसपास भरला होता. जवळच 1386च्या सुमाराचं घड्याळ आहे. त्याला तबकडी नाही, ते फक्त तासाचे टोल देई. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या 1215च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक इथल्या चॅप्टर हाउसमध्ये आहे.

मनोऱ्याच्या टूरला 332 पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल, लिफ्ट नाही. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खाली थांबावं. ही टूर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, स्टोनहेंजच्याच दिवशी कोंबली की बसला उशीर झाल्यावर हुकते. रविवारी प्रार्थनांमुळे बघण्याची वेळ कमी असते.

दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर एव्हबरी. आमच्या मते स्टोनहेंजपेक्षा सरस. जगातलं सगळ्यात मोठं प्राचीन दगडी वर्तुळ, फुकट, दगडांना हात लावता येतो, मधूनच रस्ता जातो आणि आत चक्क गाव वसलंय. नाहीशा झालेल्या दगडांच्या जागी दिसणारे काँक्रीटचे छोटे ठोकळे 1930च्या दशकात इथे उत्खनन करणाऱ्या अलेक्झांडर केलरने बसवले. 1938 मध्ये एका दगडाखाली मध्ययुगीन माणसाचा सांगाडा मिळाला, जवळ कात्री आणि नाणी. म्हणून त्या दगडाला न्हाव्याचा दगड म्हणतात. मेंढ्या चरतात, तेव्हा पांढरे बूट नकोत. जवळच्या वेस्ट केनेट लाँग बॅरोत (प्राचीन लांबट दफनघरात) शिरायला टॉर्च हवा. सिल्बरी हिल या माणसांनी रचलेल्या प्राचीन टेकडीवर चढायला मात्र मनाई आहे.

गाडी नसेल तर एव्हबरीचा हट्ट सोडा, सॉल्सबरीहून बसची जुळणी वेळखाऊ आहे. त्याऐवजी बाथकडे जाणाऱ्या ट्रेनने ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला उतरा. चौदाव्या शतकातलं 51 मीटर लांबीचं धान्याचं कोठार आणि सेंट लॉरेन्सचं छोटं सॅक्सन चर्च, दोन्ही स्टेशनपासून चालत आणि फुकट. कोठारात शिरल्यावर मान वर करून लाकडी छताचे सांधे बघा. वरच्या दगडी कौलांचं वजन सुमारे 100 टन आहे.