कूलंट नेमकं कुठून गळतंय ते आधी शोधा

गाडीखाली ओल दिसली की पहिला संशय एसीवर घ्या. गोव्याच्या दमट हवेत एसी तासभर चालला तरी भरपूर पाणी साचतं आणि गाडी बंद केल्यावरही काही वेळ ठिबकत राहतं. ते बहुधा डाव्या सीटच्या पायाशी, इंजिनाच्या मागच्या अंगाला पडतं. त्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, हिरवं, लाल किंवा निळं असतं, बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. चव मात्र घेऊ नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

पावसाळ्यात जमीन ओलीच असते, त्यामुळे थेंब कळत नाहीत. रात्री गाडी छपराखाली लावा आणि इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा सरकवा. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर, कूलंटच्या रिझर्व्ह बाटलीवर पातळीची खूण करा. आठवडाभरात पातळी उतरली आणि पुठ्ठा कोरडाच राहिला, तर कूलंट गरम इंजिनावर पडून वाळतंय, केबिनमध्ये झिरपतंय किंवा इंजिनाच्या आत जातंय.

इंजिन गरम असताना रेडिएटरची, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीची, कॅप कधीही उघडू नका. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये असतो. दाबाखाली कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. कॅप फिरवताच दाब सुटतो आणि ते उसळून तोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा.

गळती हुडकायला सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे प्रेशर टेस्टर, दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप. थंड इंजिनावर कॅपच्या जागी तो बसवा, कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब भरा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन एकेक जोड तपासा. जास्त दाब भरू नका, जुना रेडिएटर तिथेच फुटेल. टेस्टर नसेल तर वाळलेले डाग शोधा: कूलंट सुकलं की पांढरट किंवा हिरवट पापुद्रा राहतो. होजची टोकं, थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचं) घर, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे जुळतात ती कड, या क्रमाने बघा. कॅपचं रबर चिरलंय का तेही पाहा. नवी कॅप त्याच आकड्याची घ्या.

समुद्रकाठच्या गावांत खारी हवा लोखंडी क्लिपा आणि रेडिएटरच्या पात्या लवकर खाते. पात्या बोटाने भुरभुरत असतील तर डागडुजीवर पैसे घालू नका, रेडिएटर बदला. प्लॅस्टिक टाकीच्या चिरेवर एम-सील लावणारे भेटतात, पण गरम-गार होताना प्लॅस्टिक हलतं आणि लेप सुटतो.

होज बदलणं घरी जमतं. इंजिन गार झालं की रेडिएटरखालचा ड्रेन बोल्ट सैल करून कूलंट स्वच्छ डब्यात घ्या आणि किती निघालं ते मोजून ठेवा. ते अंगणात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गोड असल्याने कुत्री चाटतात आणि मरतात. होज चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लॅस्टिकची मान तुटते. पिळून सोडवा, नाहीतर लांबीत चिरा. होज ज्या नळीवर चढतो तिच्या टोकाला उंच कड असते. क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे. कडेवर बसली तर दाब आल्यावर होज निसटतो. स्क्रूची क्लिप अतिघट्ट आवळू नका, आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन गार झालं की पुन्हा तपासा.

वॉटर पंपाच्या, म्हणजे वॉटर बॉडीच्या, अंगावर एक बारीक छिद्र असतं. तिथून सतत थेंब येत असतील तर आतलं सील गेलंय. ते छिद्र बुजवू नका, पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी घाला, कारण मजुरी एकाच उघडझाकीची पडते.

गोव्यात हीटर कोणी लावत नाही, म्हणून त्याचा रेडिएटर विस्मरणात जातो. पायाखालचा गालिचा चिकट ओला होणं, आतून काचेवर तेलकट धुकं धरणं आणि गोड वास, ही त्याची लक्षणं.

भरताना डिस्टिल्ड वॉटरच वापरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत गंज आणि थर धरतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं मिसळा. तयार कूलंटमध्ये पाणी घालू नका. रंगावरून जात ठरवू नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा. मग इंजिन चालू ठेवून पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. हवा अडकली की तापमानाचा काटा वर-खाली होतो आणि हीटर गार हवा सोडतो. दुसऱ्या सकाळी पातळी पुन्हा बघा.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करायची पावडर टाकू नका. भोक बुजेलही, पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजतील.

चोर्ला किंवा अनमोड घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी बाजूला. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच भरा. तेवढ्यापुरतं बाटलीतलं पिण्याचं पाणी चालेल, नंतर ते काढून कूलंट भरा.

बाहेर गळती नाही, तरी कूलंट संपतंय, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर सुटतोय, इंजिनाचं तेल दुधाळ झालंय किंवा थंड इंजिन चालू केल्या केल्या होज दगडासारखा कडक होतोय, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, संशय घ्या. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची गॅस चाचणी करून घ्या. जळालेला वायू कूलंटमध्ये असेल तर द्रव पिवळा पडतो. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या. तेलात पाणी असताना चालवली तर बेअरिंगही जातात.