मोहिमेची फिल्म करायची आहे? आधी हातांकडे बघा

हिमाचलमधल्या देव तिब्बा या शिखराच्या वरच्या कॅम्पवर रात्री दीड वाजता आम्ही निघायची तयारी करत होतो. आमच्यातली एक मुलगी तंबूच्या दारात बसून, पाय बाहेर बर्फात टाकून क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे, बांधत होती. जाड हातमोजे घातले की तिला पट्टा बकलमधून ओवता येईना, आणि काढले की बोटं बधिर. तिसऱ्या वेळी पट्टा अर्धा आत गेला आणि सुटला. ती काहीच बोलली नाही. हेडलॅम्पचा उजेड बुटावर तसाच धरून तिनं दोन मोठे श्वास घेतले, दोन्ही हात काखेत दाबले, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा पट्टा हातात घेतला. चौथ्या वेळी जमलं.

तो शॉट एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. त्याच मोहिमेत ६,००१ मीटरवरचा, झेंडा धरलेला, मागे निळं आभाळ असलेला शॉटही माझ्याकडे आहे. फिल्म बघून भेटायला येणाऱ्या माणसांना विचारायचं असतं ते मात्र पट्ट्याबद्दल. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्यांना मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. माणसाची सहनशक्ती शिखरावर दिसत नाही. तिथे दिसतो आनंद, आणि तो सगळ्यांचा सारखाच असतो. सोसणं दिसतं ते हातांत, चालण्याच्या लयीत, पाण्याची बाटली उघडायला लागणाऱ्या वेळात. तुम्ही त्या वेळी तिथे, जवळ आणि शुद्धीवर असायला हवं.

शुद्धीवर असणं ही साधी गोष्ट नाही. मी पुण्यात लग्नाची शूटिंग करत कॅमेरा शिकलो आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकत होतो, तेव्हा मला वाटायचं की दोन्ही येतं म्हणजे मोहिमेची फिल्म येईल. तसं होत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे चालणाऱ्या टीमला समोरून टिपायचं तर तुम्हाला त्यांना मागे टाकून पुढे जावं लागतं, थांबून फ्रेम लावावी लागते, ते निघून गेले की सामान आवरून पुन्हा त्यांना गाठावं लागतं. म्हणजे त्यांच्यापेक्षा जास्त चाल, आणि तीही पाठीवर सहा-सात किलो जादा घेऊन. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की नवा कॅमेरा घेण्याआधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ची, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ची. दोन्हीकडे साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो आणि जागा लवकर भरतात. दोराला बांधलेलं असताना कॅमेरा चालवायचा तर दोराच्या गाठी हातात इतक्या मुरलेल्या हव्यात की त्यांचा विचार करावा लागू नये. फिल्मचं शिक्षण कुठूनही घ्या. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी अडत नाही. डोंगराचं शिक्षण मात्र डोंगरातच घ्यावं लागतं.

माझी पहिली चूक हिमालयात नाही, घराजवळच झाली. बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या सात जणांवर मी अर्ध्या तासाची फिल्म करत होतो. ती वाट ज्यांनी केली आहे त्यांना माहीत आहे, तासन्तास मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत जायचं, मग घसारा, मग कातळाचे टप्पे. एका टप्प्यावर आमचा एक मुलगा छान चढला, पण माझा फोकस चुकला होता. मी त्याला खाली उतरून परत चढायला सांगितलं. तो हसत तयार झाला, कारण कॅमेरा होता. दुसऱ्या वेळी त्याच्या डाव्या हातातला दगड सुटला. तो दोरावर लटकला, त्याला काही झालं नाही, पण तो दगड खाली उभ्या असलेल्या वाटाड्या मामांच्या हातभर अंतरावर आपटला.

मामा रागावले नाहीत. वर आल्यावर त्यांनी माझ्याजवळ बसून एवढंच विचारलं, "सर, येकदा चढला होता ना पोरगा? मंग परत कशापायी चढवलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या दिवसापासून कड्यावर, बर्फाच्या उतारावर, नदी ओलांडताना मी कुणालाही 'परत एकदा' म्हटलेलं नाही. शॉट गेला तर गेला. तुम्हाला माझ्याकडून एकच नियम घ्यायचा असेल तर हा घ्या. कॅमेरा समोर असला की माणसं एरवी घेणार नाहीत ते धोके घेतात, आणि त्याची जबाबदारी कॅमेरा धरणाऱ्याची असते. मी आता निघण्यापूर्वी टीमबरोबर बसून एक शब्द ठरवतो: 'बंद'. कुणीही, कधीही 'बंद' म्हटलं की कॅमेरा खाली. का, ते विचारायचं नाही. देव तिब्बाच्या मोहिमेत एका सभासदाला उंचीचा त्रास झाला. आधी डोकं दुखलं, मग उलट्या, मग चालताना तोल जायला लागला. लीडरनं 'बंद' म्हणायची वाट न बघता मी कॅमेरा सॅकमध्ये टाकला आणि त्याचं सामान उचललं. आम्ही तिघं त्याला त्याच संध्याकाळी खाली घेऊन गेलो. त्या उतरण्याचं एक सेकंदही चित्रीकरण माझ्याकडे नाही. फिल्ममध्ये तिथे काळा पडदा आहे आणि नंतर त्यानं स्वतः पुण्यात बसून सांगितलेलं आहे.

आता थंडीबद्दल, कारण नवख्यांचं शूटिंग सगळ्यात जास्त वाया जातं ते इथे. लिथियमची बॅटरी थंडीत मरत नाही, तात्पुरती गारठते. ऊब मिळाली की पुष्कळसा चार्ज परत येतो. म्हणून बॅटऱ्या दिवसा आतल्या जॅकेटच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगेत, पोटाशी. कॅमेरा मात्र उबेत आणायचा नाही. बाहेरून गार झालेला कॅमेरा तंबूत आणला की तिथल्या श्वासांची आणि स्टोव्हच्या वाफेची दमट हवा त्याच्यावर आणि लेन्सच्या आतही पाणी धरते, आणि पहाटे तेच पाणी गोठतं. आत आणायचाच असेल तर बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून मग आणा, आणि तो तंबूइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नका. विमानानं जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. १०० वॉट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं.

जागेचा हिशोब घरीच करा. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दरानं फोर-के चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. रोज दीड तास धरला तर बारा दिवसांत ८०० जीबीच्या वर. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या सॅकमध्ये.

निवड करायला मन घट्ट लागतं. मला या बाबतीत नेहमी शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली आठवतो. मोहिमेचं जहाज 'एन्ड्युरन्स' १९१५ साली अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात चिरडलं गेलं. हर्लीनं बुडत्या जहाजातल्या गारठणाऱ्या पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. पण त्या सगळ्या वाहून नेणं शक्य नव्हतं. मग तो आणि शॅकल्टन बर्फावर बसले, एकेक काच बघितली, साधारण १२० ठेवल्या आणि उरलेल्या चारशेच्या आसपास तिथेच फोडून टाकल्या, नंतर परत येऊन नेण्याचा मोह होऊ नये म्हणून. पुढचं सगळं त्यानं एका छोट्या कॅमेऱ्यावर आणि फिल्मच्या तीन रोलवर टिपलं. त्या जहाजावरचे सगळे २८ जण जिवंत परतले, आणि आज आपल्याला त्यांचे चेहरे माहीत आहेत ते त्या उरलेल्या काचांमुळे. मेमरी कार्ड स्वस्त झाली म्हणून आपण तासन्तास कॅमेरा चालू ठेवतो आणि परत आल्यावर त्या ढिगाखाली दबून जातो. मी आता दिवसाच्या दोन जागा सकाळीच ठरवतो. एक, जिथे टीमला त्रास होणार आहे. दुसरी, जिथे ते बसणार आहेत. बाकी वेळ मी चालतो.

आवाजाकडे बहुतेक जण शेवटी वळतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. खिंडीतला वारा साध्या माइकमध्ये नुसता खरखराट होऊन येतो. माइकवर केसाळ कव्हर हवंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास. कॉलरला लावलेला माइक माणसाचा श्वास देतो, आणि चढावर श्वासच सगळं सांगतो. माझ्या फिल्ममध्ये एका ठिकाणी दूरवर सात ठिपके बर्फाच्या उतारावरून सरकताना दिसतात आणि आवाज फक्त एकाच्या श्वासाचा आहे. कॅमेरा तिथे फार काही करत नाही.

मुलाखतीत 'कसं वाटतंय?' विचारू नका. 'भारी वाटतंय' हेच उत्तर मिळतं, खोटं नसतं, पण त्यातून काही कळत नाही. मी विचारतो, सकाळी काय खाल्लंस? कुठलं बोट जाणवत नाहीये? मघाशी थांबलास तेव्हा मनात काय मोजत होतास? एकजण म्हणाला होता की तो शाळेतले पाढे म्हणतो, आणि सतराच्या पाढ्याशी अडकला की त्याला कळतं, आता पाणी प्यायला हवं. असं उत्तर घरी बसून लिहिता आलं नसतं. शक्य असेल तर प्रत्येकाची मुलाखत दोनदा घ्या, त्याच संध्याकाळी आणि घरी आल्यावर दीड-दोन महिन्यांनी. तोवर आठवण बदललेली असते, आणि त्या दोन उत्तरांमधल्या फरकातच बऱ्याचदा फिल्म सापडते.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे चित्रीकरणासाठी वनखात्याकडे अर्ज. ड्रोनला २०२१चे नियम लागू आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल रंगात येते ते बघा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर मी ड्रोन काढतच नाही. खालून येणारा वारा टाकलेली हलकी वस्तू परत वर आणून देतो, आणि कड्याला आग्या मोहोळं असतात. मोहोळ उठलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

पैशाचं स्पष्ट सांगतो. यावर घर चालत नाही, निदान पहिली काही वर्षं तरी. मी अजून कंपन्यांच्या फिल्म करतो. सुरुवातीला एक निर्माता भेटला होता, त्यानं फुटेज घेतलं आणि मानधन कधी दिलंच नाही. तेव्हापासून दोन ओळींचा का होईना, लेखी करार केल्याशिवाय मी हार्ड डिस्क हातची सोडत नाही. मुलुंडला भरणाऱ्या गिर्यारोहकांच्या गिरिमित्र संमेलनात आपल्या लोकांसमोर फिल्म दाखवायची संधी शोधा. तिथला प्रेक्षक स्वतः डोंगरात जाणारा आहे, त्याला खोटा शॉट लगेच कळतो. कॅनडातला बॅन्फचा डोंगरांवरच्या फिल्मचा महोत्सव १९७६पासून चालू आहे, तिथे फिल्म पाठवायचं स्वप्न जरूर बघा. आणि विषयासाठी हिमालयच हवा असं नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अशा शर्यतीत दिवस-रात्र मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसांची झोप, त्यांची भांडणं, त्यांनी भरवलेला घास हीसुद्धा सोसण्याचीच गोष्ट आहे. तुमच्या गावातून पंढरपूरला चालत जाणाऱ्या आजींच्या टाचांपासूनही सुरुवात करता येईल.

फिल्मचा पहिला कट बाहेर कुणालाही दाखवण्याआधी टीमला दाखवा. देव तिब्बाचा कट आम्ही एका सभासदाच्या घरी भिंतीवर चादर लावून बघितला. ज्याला खाली आणलं होतं त्यानं स्वतःच्या मुलाखतीतली चाळीस सेकंदं काढायला सांगितली. ती चांगली होती, तरी काढली. त्या मुलीची आईही आली होती. पट्ट्याचा शॉट संपल्यावर तिनं तो परत लावायला सांगितला आणि दुसऱ्यांदा बघताना विचारलं, "एवढा वारा होता का गं त्या वेळी?" वारा नव्हताच. शेजारच्या तंबूत बर्फ वितळवायला लावलेल्या स्टोव्हचा तो आवाज होता. शॉटला हात लावला नाही. आवाज मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा मिक्स केला: स्टोव्ह खाली, तिचा श्वास वर.