शेळी किंवा मेंढी गाभडल्यावर काय करावे: ब्रुसेलोसिसची शंका, तपासणी आणि बंदोबस्त

कळपातील एखादी शेळी चौथ्या महिन्यात गाभडली की दुसरीने ढुशी मारली असेल, चाऱ्यातून काही गेले असेल किंवा उन्हाचा त्रास झाला असेल, असा अंदाज बांधला जातो, आणि पडलेले करडू व वार उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकली जाते. ब्रुसेलोसिस हा जनावरांना गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग सर्वांत जास्त पसरतो तो नेमका याच वेळी, कारण या रोगाचे जंतू वार, गर्भजल आणि गाभडल्यानंतरचा स्राव यांत अतोनात प्रमाणात असतात आणि तेथूनच ते जमिनीवर, चाऱ्यावर, इतर जनावरांच्या तोंडात आणि माणसाच्या हातांवर पोहोचतात. म्हणून प्रयोगशाळेकडून कारण समजेपर्यंत प्रत्येक गर्भपात हा सांसर्गिक आहे असे धरूनच वागावे, असे माझे ठाम मत आहे.

शेळ्या-मेंढ्यांत हा रोग मुख्यतः ब्रुसेला मेलिटेन्सिस या जिवाणूमुळे होतो. गाभण काळ साधारण 150 दिवसांचा असतो आणि गर्भपात बहुधा त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत होतो. वार अडकणे, मेलेले किंवा अशक्त पिल्लू जन्मणे, दूध घटणे, नराचे वृषण सुजणे आणि क्वचित सांधे सुजून लंगडणे ही इतर लक्षणे आहेत. मात्र एकदा गाभडलेली मादी पुढच्या खेपेस बहुतेक वेळा पूर्ण दिवस भरून विते, खाते-पिते, अंगाने भरलेली दिसते, आणि तरीही दुधातून व विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू टाकत राहू शकते. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना सतावणाऱ्या तापाचा हाच जिवाणू लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रुस यांनी 1887 मध्ये शोधला, पण तो माणसांत येतो कोठून, हे कळायला 1905 साल उजाडले. माल्टाचे डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांना तो तेथील दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांत सापडला. सैन्याने शेळीचे कच्चे दूध बंद केल्यावर सैनिकांमधील तापाचे प्रमाण झपाट्याने उतरले. जनावर निरोगी दिसते म्हणून ते निरोगी आहे, असे या रोगात कधीही मानू नये.

गर्भपात दिसताच प्रथम बाकीची जनावरे तेथून हलवावीत आणि कुत्री बांधून ठेवावीत, कारण कुत्री वार ओढत नेऊन संसर्ग दूरवर पसरवतात. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेजवळ येऊ देऊ नये. काम करणाऱ्याने रबरी हातमोजे, नाक-तोंड झाकणारा मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि गमबूट घालावेत. हा जिवाणू कातडीवरील बारीक ओरखड्यातून, डोळ्यांतून आणि श्वासावाटेही शिरतो. गाभडलेली मादी वेगळ्या जागी बांधावी. तिची वार लोंबत असेल तर ती हाताने ओढू नये. वार ओढताना कोपरापर्यंत लागलेला स्राव नंतर नुसत्या पाण्याने धुऊन टाकण्याची सवय अनेकांना असते, आणि पशुपालकांना व पशुवैद्यांना या रोगाची लागण होण्याची ही अगदी नेहमीची वाट आहे.

साफसफाईची घाई करण्यापूर्वी नमुने घ्यावेत. जाड प्लास्टिकची पिशवी हातमोज्यावरून उलटी चढवून त्याच हाताने पडलेले पिल्लू पकडावे आणि पिशवी सुलटी करत त्याला आत घ्यावे, म्हणजे बाहेरच्या बाजूला काही लागत नाही. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून बर्फावर ठेवावी. वारेचा तुकडाही तसाच वेगळा ठेवावा. योनीमार्गातील स्रावाचा आणि रक्ताचा नमुना पशुवैद्यकाने घ्यावा, आणि तोही प्रतिजैविक टोचण्याच्या आधी. गाभडण्याच्या दिवशी रक्तात प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती द्रव्ये) पुरेशी तयार झालेली नसण्याची शक्यता असल्यामुळे दोन ते तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासणे आवश्यक असते. पाठवताना चिठ्ठीवर ब्रुसेलोसिसची शंका स्पष्ट लिहावी, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही याची लागण होते. क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, क्यू-ताप या इतर संसर्गांमुळेही शेळ्या-मेंढ्या अशाच गाभडतात आणि नुसते पाहून त्यांतला फरक सांगता येत नाही.

नमुने गेल्यावर उरलेली वार, भिजलेला चारा आणि अंथरूण जाळून टाकावे, किंवा विहिरी-ओढ्यांपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात कळीचा चुना टाकून पुरावे. जागा कोरडी झाडू नये, कारण धुळीबरोबर जंतू उडतात. आधी ब्लीचिंग पावडरच्या द्रावणासारखे जंतुनाशक शिंपडून सारे ओले करावे, घाण खरवडून काढावी आणि मगच जमिनीवर पुन्हा जंतुनाशक ओतावे. शेण-लेंड्या आणि रक्त तसेच राहिले तर ब्लीचिंगच्या द्रावणाचा जोर तेथेच संपतो. 2 टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम, हाही उपयोगी पडतो, पण तो कातडी भाजतो हे लक्षात ठेवावे. थेट उन्हात हा जिवाणू लवकर मरतो, तर सावलीच्या, गार आणि ओलसर कोपऱ्यात आठवडेच काय, महिनेही तग धरतो. त्यामुळे विण्याची जागा हवेशीर आणि ऊन येईल अशी असावी.

रक्ताच्या पहिल्या चाचणीला रोझ बंगाल चाचणी म्हणतात. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा) थेंब आणि गुलाबी रंगाचा प्रतिजन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचे रंगवलेले द्रावण) एकत्र करून चार मिनिटे हलवतात. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर निष्कर्ष नकारार्थी असतो, आणि दह्यासारखे बारीक कण फुटले तर होकारार्थी. गाईंसाठी दोन्ही समप्रमाणात घेतात, परंतु शेळ्या-मेंढ्यांत तीन भाग रक्तजल आणि एक भाग प्रतिजन घेतल्यास चाचणी अधिक संवेदनशील ठरते, म्हणून कोणते प्रमाण वापरले, हे जरूर विचारावे. निदानाची खात्री एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन या प्रयोगशाळेतील रक्तचाचण्यांनी करतात. एका जनावराचा नकारार्थी निष्कर्ष म्हणजे कळप स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे: बाधित आईच्या पोटी जन्मलेली काही पिल्ले संसर्ग अंगात बाळगतात आणि पहिल्यांदा गाभण राहीपर्यंत चाचणीत सापडतच नाहीत.

बाधित जनावरावर औषधोपचार करू नये. जिवाणू पेशींच्या आत दडून राहतो, औषधाने तो पुरता जात नाही, आणि बरी झालेली वाटणारी शेळी कळपातच राहते. अशी जनावरे वेगळी करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि लागू कायद्यानुसार कळपातून काढावीत. ती दुसऱ्या पाळणाऱ्याला विकणे म्हणजे त्याच्या कळपात आणि त्याच्या घरात आजार पाठवणे होय. उरलेल्या कळपाची एक-दोन महिन्यांच्या अंतराने पुन:पुन्हा तपासणी करावी आणि एका विण्याच्या हंगामानंतरही ती थांबवू नये.

जेथे पशुवैद्यकीय यंत्रणेची परवानगी आहे तेथे रेव्ह-1 ही जिवंत लस साधारण तीन ते सहा महिन्यांच्या माद्यांना देतात. डोळ्यात थेंब टाकून दिल्यास नंतरच्या रक्तचाचण्यांत गोंधळ कमी होतो. गाभण मादीला ती दिल्यास गर्भपात होऊ शकतो. टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे आणि लसीचे नाव सांगावे, कारण या लसीतील जिवाणूवर स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक चालत नाही.

नवीन जनावर आणल्यास ते किमान महिनाभर वेगळे ठेवून तपासावे, आणि गाभण आणलेली मादी विऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत कळपात मिसळू नये. मेंढ्यांत ब्रुसेला ओविस हा वेगळा जिवाणू नराची प्रजननक्षमता बिघडवतो, म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक नर हाताने तपासावा. त्याला उभा ठेवून मागून दोन्ही वृषण ओंजळीत घ्यावेत, आकार सारखा आहे का ते पाहावे, आणि खालच्या टोकाशी बोट फिरवावे. तेथे एका बाजूला कडक, मोठी गाठ लागली तर तो नर वापरू नये. मात्र बऱ्याच बाधित नरांत गाठ लागत नाही, त्यामुळे रक्ततपासणी टाळू नये.

दूध उकळल्याखेरीज पिऊ नये आणि कच्च्या दुधाचे चीज किंवा पनीर खाऊ नये. माणसात लक्षणे बहुधा एक ते चार आठवड्यांत, पण कधी काही महिन्यांनीही दिसतात: चढउतार होणारा ताप, रात्री भिजवणारा घाम, कंबर व सांधेदुखी, थकवा आणि पुरुषांत वृषणाची सूज. दोन औषधे एकत्र आणि सहसा सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडल्यास आजार उलटतो. हा ताप इतर अनेक तापांसारखाच दिसतो. त्यामुळे शेळी गाभडल्याची तारीख आणि त्या दिवशी तिला कोणी हात लावला, हे वहीत लिहून ठेवावे, आणि त्यांपैकी कोणाला ताप आल्यास डॉक्टरांना ती नोंद दाखवून ब्रुसेलाची तपासणी करण्यास सांगावे.