सेलिया क्रूसची ध्वनिमुद्रणे कालक्रमाने कशी ऐकावीत

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर किंवा बाणेरच्या साल्सा वर्गांत जाणाऱ्या बहुतेकांच्या कानांवर क्यूबन गायिका सेलिया क्रूसचा आवाज कधी ना कधी पडलेला असतो. ‘ला विदा एस उन कार्नवाल’ हे गाणे आवडले म्हणून घरी येऊन फोनवर तिचे नाव शोधावे, तर समोर गाण्यांचा एक ढीग येतो. त्यात १९५० च्या दशकातले हवानातले गाणे आणि २००१ मधले रॅपची जोड असलेले गाणे शेजारी शेजारी असतात, कारण तो क्रम लोकप्रियतेचा असतो, काळाचा नसतो. या गायिकेने पन्नासहून अधिक वर्षे ध्वनिमुद्रण केले, त्या अवधीत देश सोडला, वाद्यवृंद बदलले, कंपन्या बदलल्या. हे सारे गाण्यांतून ऐकू यावे असे वाटत असेल, तर तो ढीग स्वतःच्या हाताने लावावा लागतो. तो कसा लावावा, हे येथे सांगितले आहे. (तिचे आडनाव आपल्याकडे ‘क्रूझ’ असे लिहितात, क्यूबातील उच्चार ‘क्रूस’ असा आहे आणि येथे तोच ठेवला आहे.)

प्रथम एक जाड वही घ्यावी. संगणकावरचा तक्ताही चालेल, परंतु ऐकता ऐकता समासात खूण करायला वही अधिक सोयीची पडते. प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ ठेवून तीत गाण्याचे नाव, वाद्यवृंद, कंपनी, ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष असे रकाने पाडावेत. गाण्याचे नाव तबकडीवर छापले असेल तसे स्पॅनिश अक्षरांत, स्वरांवरच्या खुणांसह लिहावे आणि खाली देवनागरीत उच्चार लिहावा, कारण पुढे कुठल्याही सूचीत शोध घेताना मूळ अक्षरेच उपयोगी पडतात. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणे हा या साऱ्या कामाचा कणा आहे. वेष्टनावर छापलेले वर्ष हे पुष्कळदा त्या संकलनाचे वर्ष असते, गाण्याचे नव्हे.

हे मी चूक करून शिकलो आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतलेल्या सीडीवर १९९४ हे वर्ष छापलेले होते, आणि आमच्या रविवारच्या श्रवणमंडळात मी त्यातले एक गाणे तिच्या उत्तरकाळातले म्हणून लावले. सर्वांचे ऐकून झाल्यावर मंडळातले एक ज्येष्ठ संग्राहक शांतपणे म्हणाले, “अहो, हा आवाज डावीकडे-उजवीकडे पसरतच नाही, अगदी मध्यात उभा आहे. शिवाय गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं. ही जुनी अठ्ठ्याहत्तरची तबकडी आहे.” घरी येऊन तपासले तेव्हा ते गाणे छापील वर्षाच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीचे निघाले. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण पंचविशी ओलांडलेल्या मुलीचा आवाज मी सत्तरीकडे झुकलेल्या बाईचा म्हणून लोकांना ऐकवला होता.

त्या संग्राहकांच्या बोलण्यातच तपासणीची पद्धत आहे. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकलेल्या मराठी माणसाला ही मर्यादा ठाऊक असतेच. त्यामुळे गाणे तीन मिनिटांच्या आसपास संपत असेल, तर ते मूळ ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे असण्याचा संशय घ्यावा. नंतर हेडफोन लावून आवाजाची जागा पाहावी. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ पासून. त्याआधीच्या मुद्रणात सारी वाद्ये मध्यभागी एकत्र ऐकू येतात. मात्र येथे एक सावधगिरी हवी. जुन्या मोनो मुद्रणांना पुढे कृत्रिमरीत्या स्टिरिओचे रूप देऊनही विकले गेले. अशा प्रतीत एका कानाला नुसता तीक्ष्ण भाग आणि दुसऱ्याला नुसता जाड भाग ऐकू येतो, एकेक वाद्य वेगळ्या जागी बसलेले वाटत नाही. केवळ ‘स्टिरिओ’ या छापील शब्दावर भरवसा ठेवू नये. वर्षाची अखेरची खातरजमा तबकडीच्या क्रमांकावरून करावी. १९६० पर्यंतच्या क्यूबन संगीतासाठी क्रिस्तोबाल दियास आयाला यांनी आयुष्यभर जमवलेली ध्वनिमुद्रणसूची प्रमाण मानली जाते, आणि त्यांचा संग्रह मायामीतील फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत जतन केलेला आहे.

वही तयार झाली की गाण्यांकडे वळण्याआधी हाताने एक गोष्ट साधून घ्यावी, आणि माझ्या मते ती टाळली तर पुढचे सारे ऐकणे वरवरचे राहते. या संगीताचा पाया क्लावे नावाच्या पाच आघातांच्या आकृतीवर आहे. तीनतालासारख्या १६ मात्रा मनात मोजाव्यात आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या पडतात आणि पुढच्या आठांत दोन. भरलेला अर्ध आणि मोकळा अर्ध हे आपल्या भरी-खालीच्या जाणिवेला जवळचे आहे, परंतु याला ताल समजू नये, कारण येथे आवर्तन संपून समेवर विसावणे नाही. ही आकृती उलटीही चालते. तेव्हा टाळ्या तिसऱ्या, पाचव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर येतात. गाणे कोणत्या बाजूने सुरू झाले, हे कानांना कळेपर्यंत तेच गाणे पुन्हा लावावे. आपल्या कानांना सर्वांत अवघड जातो तो बास, म्हणजे खर्जातले तारवाद्य. तो पहिल्या मात्रेची वाट न पाहता तिच्या आधीच येऊन पडतो, आणि समेची सवय असलेल्या श्रोत्याला आरंभी वाटते की कोणीतरी चुकते आहे. फोनच्या लहान स्पीकरवर हा बास ऐकूच येत नाही, म्हणून बरे हेडफोन येथे खरोखर आवश्यक आहेत.

आता वहीचा पहिला मोठा विभाग. हवानाच्या सान्तोस सुआरेस वस्तीत २१ ऑक्टोबर १९२५ रोजी जन्मलेली सेलिया १९५० च्या ऑगस्टमध्ये ‘सोनोरा मातान्सेरा’ या वाद्यवृंदात आली. त्याआधीची तिची थोडी मुद्रणे आहेत. त्यांत बाता ढोलांच्या साथीने गायलेली, मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेची देवगीतेही आहेत, आणि ती एका वेगळ्या पानावर नोंदवावीत. सोनोरा मातान्सेरा १९२४ मध्ये मातान्सास शहरात स्थापन झालेला, रोखेलियो मार्तिनेस यांच्या नेतृत्वाखालचा आणि रेडिओ प्रोग्रेसोवरून गाजलेला वृंद होता. लोकप्रिय गायिका मिर्ता सिल्वा सोडून गेल्यावर तिच्या जागी सेलियाला घेतले, तेव्हा श्रोत्यांकडून नाराजीची पत्रे आली. न्यूयॉर्कच्या सीको कंपनीचे मालक सिडनी सीगल यांनाही बाईच्या आवाजातली रुम्बाची तबकडी खपेल असे वाटत नव्हते. मार्तिनेस मात्र अडून बसले, आणि डिसेंबर १९५० मध्ये पहिले मुद्रण झाले. ‘काओ काओ मानी पिकाओ’ हे गाणे त्या बैठकीतले. वहीच्या या विभागाची पहिली ओळ तेच असू द्यावे.

या काळातील कोणतेही एक गाणे निवडून सलग तीनदा ऐकावे. पहिल्या वेळी केवळ दोन ट्रंपेट धरावेत. वृंदाचे वाद्यसंयोजक सेवेरिनो रामोस यांच्या रचनेत ते आखडते, नेमके वाक्य वाजवतात आणि गायिकेला जागा देऊन बाजूला होतात. दुसऱ्या वेळी मागचा कोरस ऐकावा. त्यातला उंच, नाकातून आल्यासारखा पातळ आवाज वृंदातल्या काइतोचा, जो हाताने माराका हे खुळखुळेही वाजवत असे. हा आवाज एकदा ओळखता आला की सोनोरा मातान्सेराचे मुद्रण डोळे मिटून सांगता येते. तिसऱ्या वेळी गाण्याच्या उत्तरार्धाकडे लक्ष द्यावे. तेथे कोरस एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि सेलिया प्रत्येक वेळी नवे उत्तर देते. पोवाड्यात झीलकरी झील धरतात आणि शाहीर तिच्या आधाराने पुढे जातो, ती बैठक ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

‘येर्बेरो मोदेर्नो’ या गाण्याकडे पुणेकराने आवर्जून थांबावे, असे मला वाटते. रस्त्यावर माल विकणाऱ्याच्या आरोळीवरून क्यूबात ‘प्रेगोन’ नावाचा गीतप्रकार तयार झाला, आणि या गाण्यातला विक्रेता झाडपाल्याचा आहे. कोणता पाला कशावर, हे तो ओरडून सांगत जातो. मंडईच्या परिसरात मुळ्या-पाला घेऊन बसलेल्या बायका दम्यावर हे आणि सांध्यावर ते, असे एका सुरात सांगतात, तो सूर कानात ठेवून हे गाणे लावावे. सेलिया आरोळी नुसती उसनी घेत नाही. ओळीच्या शेवटी आवाज किंचित पुढे फेकते, जणू समोरच्या गल्लीपर्यंत तो पोहोचायचा आहे. तिचा आवाज जात्याच खालच्या पट्टीचा आणि भरदार, त्यामुळे ही फेक कर्कश होत नाही.

१५ जुलै १९६० रोजी वृंद मेक्सिकोला गेला आणि सेलिया क्यूबात राहायला पुन्हा कधी परतली नाही. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा अंत्यसंस्कारासाठी येण्याचीही परवानगी क्यूबा सरकारने तिला दिली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये वृंदातला ट्रंपेटवादक पेद्रो नाइट याच्याशी तिचा विवाह झाला. वहीत १५ जुलै १९६० या तारखेला एक आडवी रेघ मारावी. वृंद तोच आणि कंपनी तीच असली, तरी रेघेखालच्या गाण्यांत क्यूबाचे नाव आले की ते दुरून उच्चारलेले असते, आणि हे ठाऊक असताना ती गाणी वेगळी लागतात.

१९६५ मध्ये तिने सोनोरा मातान्सेरा सोडला. पुढची टिको कंपनीची वर्षे आणि वृंदप्रमुख तितो पुएन्तेबरोबरचे अल्बम थोडक्यात उरकले तरी चालतील. त्यांतले पुष्कळसे त्या काळी फारसे खपले नाहीत. ‘सोन कोन ग्वाग्वांको’ या १९६६ च्या अल्बममधले ‘बेम्बा कोलोरा’ मात्र सोडू नये, कारण पुढे रंगमंचावर ते तिने वर्षानुवर्षे फुलवले. येथे नोंदणीतला एक सापळा आहे. टिकोचा संग्रह १९७० च्या दशकात फानिया कंपनीकडे गेला, म्हणून आज ही गाणी फोनवर फानियाच्या नावाखाली दिसतात आणि सेलिया १९६६ पासूनच फानियात होती असा समज होतो. कंपनीच्या रकान्यात मूळ नाव लिहावे व आजचा मालक समासात टिपावा.

फानियाशी संबंध जुळला तो १९७३ मध्ये, लॅरी हार्लो यांच्या ‘हॉमी’ या संगीतिकेत तिने ‘ग्रासिया दिव्हिना’ गायले तेव्हा. त्यानंतर १९७४ मध्ये फानियाच्या वाया या शाखेतर्फे जॉनी पाचेकोबरोबरचा ‘सेलिया अँड जॉनी’ आला, आणि या अल्बमला वहीत किमान चार पाने द्यावीत. पाचेको मूळचे डॉमिनिकन, फानियाचे एक संस्थापक, आणि सोनोरा मातान्सेराचे निस्सीम चाहते. त्यांनी आपला वृंद दोन ट्रंपेटांच्या त्याच घडणीवर उभारला होता व त्यात त्रेस या तारवाद्याची भर घातली होती. म्हणून पहिल्या विभागातले एखादे गाणे आणि या अल्बममधले एखादे गाणे पाठोपाठ लावावे. सांगाडा तोच आहे. फरक आहे तो लांबीचा, मुद्रणाच्या स्पष्टतेचा आणि ढोलांच्या वजनाचा. एलपी या लांब तबकडीमुळे तीन मिनिटांची भिंत पडली होती आणि उत्तरार्ध हवा तितका वाढवता येत होता.

ज्युनिअर सेपेदा या तरुणाने रचलेले ‘किम्बारा’ याच अल्बममधले. त्याच्या मुख्य ओळीतले शब्द अर्थापेक्षा नादासाठी आहेत. तबल्याची पढंत ऐकावी तसे ते ऐकावेत आणि सोबत क्लावेची टाळी धरावी: ‘क’ आणि ‘ब’ या व्यंजनांचे ठोके तुम्बादोरा या उंच कोंगा ढोलात कसे मिसळतात, हे तेव्हाच उमगते. त्यानंतर याच गाण्याचे सप्टेंबर १९७४ मधले किन्शासाचे रूप पाहावे. कंपनीच्या फानिया ऑल स्टार्स या वृंदाबरोबर हजारो लोकांसमोर गाताना तिने लय चढवली आहे. तरीही एकही अक्षर गिळलेले नाही. स्टुडिओ आणि रंगमंच यांच्या दोन ओळी वहीत कायम वेगळ्या असाव्यात, एकाच गाण्याची पुनरावृत्ती म्हणून त्या एकत्र करू नयेत.

१९८० च्या दशकातून निवडकच घ्यावे. १९८२ चा ‘फेलिस एन्क्वेन्त्रो’ जुन्या सोनोरा मातान्सेराबरोबर पुन्हा केलेला आहे, आणि १९८८ चा कोंगावादक रे बारेटोबरोबरचा ‘रित्मो एन एल कोरासोन’ तिला पहिला ग्रॅमी देऊन गेला. १९९३ च्या ‘आसुकार नेग्रा’पासून आरएमएम कंपनीचा विभाग सुरू होतो. पुण्यातल्या बहुतेकांनी सर्वांत आधी ऐकलेले ‘ला विदा एस उन कार्नवाल’ याच विभागात, १९९८ खाली येते. क्रमाने येथवर पोहोचलेल्या श्रोत्याला ते निराळे भासते, कारण बहात्तर वर्षांच्या आवाजाचा पोत, किंचित खरखरीत पण खाली घट्ट रोवलेला, आता त्याच्या लक्षात येऊ लागतो. २००१ मधले, सर्जिओ जॉर्ज यांनी घडवलेले ‘ला नेग्रा तिएने तुम्बाओ’ सोनीच्या विभागात लिहावे.

शेवटचे पान ‘रेगालो देल आल्मा’चे. डिसेंबर २००२ मध्ये मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर, २००३ च्या आरंभीच्या महिन्यांत तिने हा अल्बम गायला. १६ जुलै २००३ रोजी ती वारली आणि अल्बम त्याच महिन्याच्या अखेरीस बाहेर आला. येथे ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन या दोन्ही रकान्यांत वर्ष एकच पडते, म्हणून वर्षापुढे महिनाही लिहावा. त्यानंतर निघालेल्या संकलनांना नवी ओळ देऊ नये. त्यांतले प्रत्येक गाणे मागे आपल्या मूळ वर्षाखाली शोधावे आणि त्याच ओळीच्या समासात संकलनाचे नाव पेन्सिलीने टिपून ठेवावे.