जपानचा इतिहास वाचायला घेताय? आधी तारखा लावायला शिका

ॲनिमे बघून, नाहीतर जपानी भाषेची एन-फोर पातळीची परीक्षा आटपल्यावर 'आता इतिहास वाचू या' म्हणून बरेच जण इकडे वळतात. एदो, मेइजी, तोकुगावा ही नावं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. नावांनी कुणी अडत नाही. अडवतात त्या तारखा, आणि त्याबद्दल आधी कुणी बजावत नाही.

सत्तेचाळीस रोनिनांचं, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंचंच घ्या. एदोच्या किल्ल्यात शस्त्र उपसलं म्हणून त्यांचा धनी आसानो नागानोरी याला सेप्पुकू (पोट चिरून आत्महत्या) करावं लागलं. पुढे ओइशी कुरानोसुकेने आसानोच्या माणसांना घेऊन, ज्याच्यावर ते शस्त्र उपसलं होतं त्या किराच्या वाड्यावर हल्ला केला. जपानी कागदांत त्या हल्ल्याची तारीख गेनरोकु १५, बारावा महिना, चौदावा दिवस. गेनरोकु हा नेंगो, म्हणजे वर्षं मोजायला दिलेलं कालखंडाचं नाव. गेनरोकु १ म्हणजे १६८८, म्हणून आपण बेरीज करतो आणि '१४ डिसेंबर १७०२' लिहून मोकळे होतो. अनेक ठिकाणी तसं छापलेलंही सापडेल. पण ते चूक आहे. १८७२ संपेपर्यंत जपानात आपल्यासारखंच चांद्र-सौर पंचांग होतं, अधिक महिन्यासकट. त्यांचा बारावा महिना म्हणजे डिसेंबर नव्हे. तो दिवस निघतो ३० जानेवारी १७०३. महिना तर बदललाच, वर्षही बदललं.

गुंता इथेच संपत नाही. हल्ला झाला पहाटेच्या अंधारात. मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या आपल्या घड्याळाने तेव्हा ३१ तारीख लागलेली होती. त्या काळच्या लोकांच्या लेखी मात्र उजाडेपर्यंत चौदावाच दिवस. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. तरी लागतो, कारण परक्या देशाचा इतिहास म्हटलं की आपण घरचं शहाणपण गुंडाळून ठेवतो.

तोक्योत सेंगाकुजी देवळात या रोनिनांच्या समाध्या आहेत. तिथला स्मरणोत्सव १४ डिसेंबरला होतो, म्हणजे जुना आकडा उचलून नव्या कॅलेंडरवर ठेवलेला. उत्सवाला ते खपतं, तुमच्या टिपणवहीत खपणार नाही. तानाबाता या ताऱ्यांच्या सणाचंही तसंच. ७ जुलैला करायला जावं तर ऐन पावसाळा आणि तारे ढगात. सेन्दाईकर ऑगस्टमध्ये करतात, तेच मूळ हंगामाच्या जवळचं.

म्हणून इंग्रजी तारीख मिळाली की जपानी तारीख टाकून देऊ नका. तिच्यात चंद्र असतो. रोनिनांच्या रात्री तो जवळजवळ पूर्ण होता. उलट क्योतोतल्या होन्नोजी देवळात आकेची मित्सुहिदेने आपला धनी ओदा नोबुनागा याच्यावर केलेला हल्ला तेन्शो १०, सहावा महिना, दुसरा दिवस. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, मित्सुहिदेचं सैन्य काळोखातून क्योतोकडे निघालेलं. नुसतं '२१ जून १५८२' लिहिलं की तो काळोख गेला. शिवाय ही २१ जून ज्युलियन कॅलेंडरची. ग्रेगोरियन त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं. मी वहीत तीन रकाने ठेवतो: नेंगोसह जपानी तारीख, पाश्चात्त्य तारीख, आणि कुठलं कॅलेंडर. कंटाळवाणं आहे. करा.

नेंगोचे तयार तक्ते सगळीकडे मिळतात. मेइजी असेल तर १८६७ मिळवा, शोवा असेल तर १९२५. मेइजीपासून एका सम्राटाला एकच नाव, आणि १ जानेवारी १८७३ पासून महिना-दिवसही जुळतात, त्यामुळे तिथून पुढे हे तक्ते बिनधास्त वापरा. त्याआधी जपून. मेइजीच्या आधीच्या कोमेइ सम्राटाच्या एकाच कारकिर्दीत काएइ, आन्सेइ, मान्एन, बुन्क्यू, गेन्जी, केइओ अशी नावांवर नावं बदलली, तीही वर्षाच्या मधेच. अमेरिकन नौदल अधिकारी पेरी याची जहाजं जपानला आली ती त्याच्या लोकांच्या हिशेबी ८ जुलै १८५३ ला, जपान्यांच्या हिशेबी काएइ ६, सहावा महिना, तिसरा दिवस. दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवून वाचताना हे डोक्यात नसेल तर घटनाक्रमच उलटा लागतो.

'तीस दिवसांत जपानचा इतिहास' छापाच्या क्लासला पैसे भरू नका, हे माझं ठाम मत. स्वतःला सेन्सेइ (गुरुजी) म्हणवणाऱ्याला आधी विचारा, 'ही तारीख कुठल्या पंचांगातली?' चिडला तर दुसरा बघा. 'बघून सांगतो' म्हणाला तर त्याला सोडू नका, असे थोडे असतात.

जुन्या कागदांतली कुझुशिजी, म्हणजे जुनी वळणदार लिपी, वाचता येत नाही म्हणून खचू नका. आजच्या बहुतेक जपान्यांनाही ती येत नाही. 'मिवो' नावाचं ॲप फोटोवरून अक्षरं ओळखतं. पहिला अंदाज म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. जपानच्या राष्ट्रीय डाएट (संसद) ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह घरबसल्या फुकट चाळता येतो, तिथे छापील पुस्तकांपासून सुरुवात केलेली बरी.

आणि वय. ओदा नोबुनागा होन्नोजीत मेला तेव्हा जपानी पुस्तकांत ४९ वर्षांचा असतो. जन्मसाल १५३४, वजाबाकी केली तर ४८. तेव्हा मूल जन्मताच १ वर्षाचं धरायचे आणि नववर्षाला सगळ्यांचंच वय एकदम वाढायचं. म्हणून वयापुढे कुठल्या पद्धतीचं ते कंसात लिहून ठेवा, निदान मेइजीच्या आधीच्या माणसांचं तरी.