जर्मनीत नवीन आलात? कागदपत्रांच्या या चुका टाळा, मग मला फोन करा

दरवर्षी ऑक्टोबरच्या आसपास नवीन पोरं उतरतात आणि नोव्हेंबरात मला फोन सुरू होतात. "दादा, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय." छोटासा कधीच नसतो, आणि नवीन तर नसतोच नसतो, गेल्या वर्षीच्या बॅचने केलेलीच चूक असते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात बिनडोक चूक म्हणजे लेटरबॉक्सवर नाव न लावणं. हसू नका. आपल्याकडे पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर, सोसायटी, मारुतीच्या देवळामागे, आणि तरी नाही सापडलं तर खालचा वाणी सांगतो. इथे रस्ता आणि बिल्डिंगचा नंबर, संपलं. फ्लॅट नंबर हा प्रकार बहुतेक ठिकाणी नाहीच. एका बिल्डिंगमध्ये बारा घरं असली तर पत्र कुठल्या डब्यात टाकायचं हे पोस्टमन डब्यावरच्या नावावरून ठरवतो. नाव नाही, तर पत्र आलं तसं परत. आणि या देशात सगळं पोस्टाने येतं: टॅक्स नंबर, बँकेचा पिन, रेसिडेन्स कार्डाचा पिन, सरकारी ऑफिसचं बोलावणं, सगळं.

सांगलीकडचा एक पोरगा होता, हुशार, चांगली नोकरी, एका फ्लॅटमधली खोली घेतली. चौथ्याच दिवशी आन्मेल्डुंग करून आला, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, आणि मला अभिमानाने कागद दाखवला. मी विचारलं, डब्यावर नाव लावलंस का? "लावतो की दादा." आन्मेल्डुंग झाली की काही आठवड्यांत 11 आकडी टॅक्स आयडीचं पत्र येतं, ते आलं आणि परत गेलं, याला पत्ताच नाही. टॅक्स आयडी नाही म्हणून कंपनीने सहाव्या वर्गाने टॅक्स कापला, तो सगळ्यात जास्त कापणारा. पहिला पगार बघून रात्री साडेअकराला फोन, कंपनीने फसवलं म्हणे. मग त्याने नंबर परत मागवला. तो नंबर फोनवर सांगत नाहीत, ईमेलवर देत नाहीत, पोस्टानेच पाठवतात, आणि त्याला चार आठवडे लागू शकतात. म्हणजे पुन्हा त्याच डब्यात. आणि या पठ्ठ्याने अजून नाव लावलेलं नव्हतं! "विसरलो ना." तेही पत्र परत. शेवटी मी स्वतः गेलो. डब्यावर मुख्य भाडेकरूचं नाव, त्याखाली कोणा जुन्या माणसाचं अर्धं खरवडलेलं नाव. खिशातली पांढरी चिकटपट्टी काढली, बॉलपेनने आडनाव लिहिलं, चिकटवलं, दोन मिनिटं लागली. तिसरं पत्र आलं. कापलेले पैसे पुढे मिळाले, पण तोवर डिपॉझिटसाठी मित्राकडून उसने घेतलेले तसेच राहिले होते.

किल्ली मिळाली की बॅग उघडायच्या आधी मी खाली जाऊन डब्यावर आणि बेलवर नाव लावतो. पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोन्ही. नंतर हाउसमाइस्टर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, छान छापील पट्टी लावेल तेव्हा लावेल.

आन्मेल्डुंगला नुसतं भाड्याचं अॅग्रीमेंट चालत नाही, घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, 2015 पासून हाच नियम आहे. मुदत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवडे. आणि हो, पैसे घेऊन नुसता पत्ता "देणारे" लोक भेटतात, तिथे राहायचं नाही, फक्त कागद. त्या वाटेला जाऊ नका. असा नुसता पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, खोटी नोंद करणाराही दंडातून सुटत नाही, आणि पत्रं त्या माणसाच्या डब्यात जाणार ते वेगळंच. घर मिळत नाही हे मला माहितीये, मीही तीन महिने एका गॅलरीवजा खोलीत काढलेत, पण शॉर्टकट मारायची खाज असेल तर दुसरीकडे मारा.

आता नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये बहुतेकांचं वडिलांचं नाव पण असतं, लग्न झालेल्या बायकांच्या बऱ्याचदा नवऱ्याचं. जर्मन माणसासाठी ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव. माझ्या बायकोच्या बँक कार्डावर तिच्या नावाला चिकटून माझं नाव आलंय, काउंटरवरच्या बाईने एकदा विचारलंही, हे पुरुषाचं नाव ना? त्यात आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कुठे शेवटी आईचं. क्लार्कला वाटतं पाटील हेच पहिलं नाव. मी कुठलाही फॉर्म आठवणीने भरत नाही. पासपोर्ट उघडा ठेवायचा, फोटोच्या पानाखाली त्या दोन ओळी असतात ना, बाणांच्या चिन्हांनी भरलेल्या, तिथून अक्षर अक्षर उतरवायचं. घराच्या करारावर, नोकरीच्या करारावर तेच. इथे "स्मार्ट" बनून मधलं नाव गाळणाऱ्यांना पुढे प्रत्येक ठिकाणी मी तोच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

फोटो: इंडियातून दोन डझन कॉपी काढून आणू नका, मे 2025 पासून रेसिडेन्स कार्डाला डिजिटल फोटोच लागतो.

घरटी महिना 18.36 युरोच्या रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, टीव्ही नसला तरी भरायचं. फेकून देऊ नका, मागचे सगळे महिने लावतात.

रेसिडेन्स परमिटची मुदत. "टर्मिन मिळत नाही म्हणून थांबलो" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. टर्मिन म्हणजे सरकारी ऑफिसातली अपॉइंटमेंट. टर्मिनची तारीख महत्त्वाची नाही, अर्ज केल्याची तारीख महत्त्वाची आहे. मुदत संपायच्या आधी अर्ज गेला तर जुनं परमिट निर्णय होईपर्यंत चालू धरतात, कामाच्या परवानगीसकट. मी तीन महिने आधी पोर्टलवर अर्ज टाकतो, पोचपावतीची प्रिंट काढून फाईलमध्ये. पण या पोचपावतीवर इंडियाला लग्नाला जाऊ नका. त्यासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मागायचा, आणि हातात आला की तिथेच काउंटरवर बघायचं कुठल्या चौकटीत खूण केलीये. रहिवास कायद्याच्या कलम 81 चं चौथं उपकलम असेल तर परत येता येतं. तिसरं असेल तर तिकीट काढू नका. ओळखीतल्या एकाने बघितलंच नाही, बहिणीच्या हळदीला पोचला आणि परत यायला नवीन व्हिसा काढेपर्यंत आंबे खात बसला.

आणि पासपोर्टची मुदत आधी बघा. पासपोर्टला दहा महिने उरले असतील तर कार्डही साधारण तेवढ्याच दिवसांचं मिळतं, मग नवीन पासपोर्ट आला की पुन्हा टर्मिन, पुन्हा फी, आणि नवीन कार्डाच्या पिनचं पत्र पुन्हा त्याच डब्यात.